सोळा इंचांची पट्टी

आमच्या हर्णैत १ जून म्हणजे होड्या वर ओढायचा दिवस. इंजिनं उतरवायची, जाळी धुऊन माळ्यावर टाकायची, होडीवर झापं अंथरायची आणि पुढचे दोन महिने समुद्राकडे नुसतं बघत बसायचं. तांडेलाची लेक मी, त्यामुळे १ जूनला ताज्या मासळीवर पाणी सोडायचं हे लहानपणापासून अंगात मुरलेलं. म्हणून २०२३ च्या जूनमध्ये फ्लोरिडात लेकीकडे असताना जावईबापू म्हणाले, “आई, १ जूनला इथला तांबोशीचा हंगाम सुरू झालाय, चला समुद्रावर,” तेव्हा मला आधी हसूच आलं. आपल्याकडे ज्या दिवशी समुद्र बंद, त्याच दिवशी तिकडे उघडा!

खरं सांगू? हसण्याखाली भीती होती. मैत्रिणींनो, मी मच्छीमाराच्या घरात जन्मले, पण वयाच्या एकसष्टाव्या वर्षापर्यंत मासेमारीच्या होडीवर पाऊल ठेवलं नव्हतं. बाईमाणसाने होडीवर चढायचं नाही, असा आमच्या घरचा नियम. नऊ वर्षांची असताना नारळी पौर्णिमेला सजवलेली होडी बघून मला राहवलं नाही, चढले. बाबा ओरडले नाहीत. बगलेत धरून त्यांनी मला खाली वाळूत ठेवलं आणि आणखी एक नारळ फोडला. बस्स, एवढंच. पण तो दुसरा नारळ कशासाठी होता हे मला कळलं, आणि ते अजून विसरलेले नाही.

माझ्या आईने चाळीस वर्षं डोक्यावरून पाटी वाहिली. लिलावात बोली लावायची, दापोलीपर्यंत मासे विकायची. कुठला मासा कालचा, कुठला आजचा, हे तिला डोळे झाकून वासावरून कळे. पण तिला मासा भेटायचा तो मेल्यावर. जिवंत मासा पाण्यातून वर येताना कसा दिसतो, हे तिने कधी पाहिलं नाही. मीही नाही. मी पुढे शिकले, प्राथमिक शाळेत तेहतीस वर्षं शिकवलं, निवृत्त झाले आणि मग ‘ह्यांना’ घेऊन लेकीकडे गेले.

लेक पेन्साकोलाला नर्स आहे. तिथून तासा-दीड तासावर डेस्टिन नावाचं गाव आहे. एकेकाळी कोळ्यांची छोटी वस्ती होती, आता मोठमोठाली हॉटेलं झाली आहेत. तरी गावाची ओळख अजून मासेमारीचीच. ‘जगातलं सगळ्यात नशीबवान मासेमारीचं गाव’ असं ते स्वतःला म्हणवून घेतात. कारण सोपं आहे. तिथे किनाऱ्यापासून खोल पाणी जवळ आहे. शंभर फॅदमची खोली तिथून लवकर गाठता येते, असं कॅप्टन सांगत होता. मी लेकीला विचारलं, “फॅदम म्हणजे किती गो?” तर सहा फूट. म्हणजे आमची वाव! दोन्ही हात पसरले की होते ती वाव. बाबा दोरी अशीच मोजायचे. हजारो मैलांवरचा तो गोरा कॅप्टन आणि आमचे बाबा एकाच मापाने समुद्र मोजत होते, हे कळल्यावर माझी अर्धी भीती तिथेच गेली.

तिथे ‘चार्टर’ची पद्धत आहे. म्हणजे कॅप्टनसकट अख्खी बोट दिवसभरासाठी भाड्याने घ्यायची. गळ, रीळ, आमिष, बर्फ सगळं त्यांचं. मासेमारीचा परवानाही बोटीचाच चालतो, आपल्याला वेगळा काढावा लागत नाही. आमच्या बोटीवर सहा जण बसू शकत होते. आम्ही दोघं, लेक-जावई आणि जावयाच्या ऑफिसातलं एक जोडपं. भाडं किती ते विचारू नका. मी मनातल्या मनात रुपयांत हिशेब केला आणि गप्प बसले.

पहाटे साडेपाचला धक्क्यावर पोचलो. मी सवयीने डबा घेतला होता : घावन, लसणीची चटणी आणि डझनभर केळी. बोटीवर कॅप्टनच्या हाताखाली काम करणारी एक विशीतली पोरगी होती. डोक्याला टोपी, पायात पांढरे रबरी बूट. तिने पिशवीत डोकावून पाहिलं आणि दोन्ही हात वर करून ओरडली, “नो बनाना!” मला काही कळेना. तेव्हा लेकीने सांगितलं, तिकडे मासेमारीच्या बोटीवर केळं नेणं अपशकुनी मानतात. केळं चढलं की मासा लागत नाही म्हणे. केळी मुकाट्याने गाडीत ठेवून आलो. चालता चालता माझ्या मनात आलं, आमच्याकडे बाई अपशकुनी, त्यांच्याकडे केळं. आणि त्यांची बोट चालवायला मदत करत होती ती बाईच! दोर सोडत होती, आमिष लावत होती, आणि तिच्यासाठी कुणी जादा नारळ फोडत नव्हतं.

खाडीच्या तोंडातून बाहेर पडलो तेव्हा उजाडत होतं. तिथली वाळू साखरेसारखी पांढरी आणि पाणी किनाऱ्याशी पाचूसारखं हिरवं. जसजसे आत गेलो तसं ते निळं आणि मग शाईसारखं गडद झालं. उलटी होऊ नये म्हणून आदल्या रात्री गोळी घेतली होती, तोंडात आलेपाक होता. तरी पहिल्या अर्ध्या तासात मी एकदा कठड्याला धरून मोकळी झालेच. त्या पोरीने पाणी दिलं आणि खुणेने सांगितलं, खाली बघू नका, लांब आभाळ टेकतं तिथे बघा. त्याने खरंच फरक पडला. ‘हे’ मात्र आडवे झाले ते झालेच. चिपळूणचे, मासे खाण्यात पटाईत, पण समुद्र सोसवेना. दिवसभर “पोचलो का?” एवढंच विचारत होते.

दोन तासांनी बोट थांबली. सकाळी तळाची मासेमारी, दुपारी चालत्या बोटीमागे गळ सोडून वरच्या पाण्यातली, असा दिवसाचा बेत होता. तळाशी खडक असतात किंवा मुद्दाम बुडवलेली जुनी बांधकामं असतात. त्यांच्या आसऱ्याला तांबोशी, हेकरू असे मासे राहतात. दोरीला शिशाचं वजन, खाली गोल वळलेला गळ, त्याला बारीक माशाचं आमिष. सोडत राहायचं. किती? बावीस वाव, म्हणजे एकशे तीस फुटांच्या वर. मग वजन टेकल्याचं हाताला कळतं.

त्या पोरीने एक गोष्ट बजावली होती. मासा टोचला की हिसका द्यायचा नाही, नुसतं रीळ गुंडाळायला लागायचं. हा गोल गळ आपसूक सरकून माशाच्या जबड्याच्या कोपऱ्यात बसतो, पोटात जात नाही. त्यामुळे परत सोडायची वेळ आली तर मासा कमी जखमी होतो. मी मनात म्हटलं, परत सोडायची वेळ? मासा पकडल्यावर परत कशाला सोडायचा?

आणि मग टोचलं. काय सांगू! एवढ्या खोलातून कुणीतरी दोरी ओढतंय, जिवंत. तळहातातून खांद्यापर्यंत आलं ते. मी गुंडाळतेय, तो खाली धावतोय, लेक ओरडतेय, “आई, सोडू नको!” हात भरून आले. अखेर निळ्या पाण्यात काहीतरी लालसर चमकलं, मोठं झालं आणि वर आलं. तांबोशी! तिथल्या तांबोशीची जात आपल्यापेक्षा वेगळी, पण रंग तोच, ते कपाळ तेच. आयुष्यभर फळीवर पाहिलेला मासा पहिल्यांदा श्वास घेताना पाहिला. डोळा लाल, अंग थरथरतंय.

पोरीने तो एका पट्टीवर आडवा ठेवला. शाळेत आम्ही मुलांना पट्टी देतो तशीच, फक्त मोठी. पंधरा इंच. नियम सोळाचा. तिने मान हलवली.

मी म्हटलं, “अगो, एका इंचासाठी?” आलेलं अन्न परत फेकायचं, हे माझ्या रक्तातच नाही. आमच्याकडे पाटीतलं एक बोंबीलही वाया जात नसे. तेवढ्यात माझं लक्ष माशाच्या तोंडाकडे गेलं. तोंडातून फुग्यासारखं गुलाबी काहीतरी बाहेर आलं होतं. मला वाटलं, जीभ. ती जीभ नव्हती, माशाचं पोट होतं.

आपण घोळीचं भोत म्हणतो ना, तो हवेचा फुगा बहुतेक माशांच्या पोटात असतो. खोल पाण्यात वरून प्रचंड दाब असतो. मासा झपकन वर ओढला की दाब कमी होतो आणि तो फुगा फुगत जातो, इतका की माशाचं पोट तोंडावाटे बाहेर ढकललं जातं. असा मासा नुसता पाण्यात टाकला तर त्याला खाली जाता येत नाही. वर तरंगत राहतो, मग पक्षी टिपतात नाहीतर दुसरे मासे. म्हणजे आपण सोडल्याचं पुण्य घेतो आणि तो मरतोच.

म्हणून बोटीवर एक चिमटा होता. पोरीने तो माशाच्या खालच्या जबड्याला लावला, चिमट्याला जड वजन होतं, आणि मासा दोरीने पुन्हा खाली सोडला. ठरावीक खोलीवर पाण्याच्या दाबानेच चिमटा आपोआप उघडतो. तोवर फुगा पुन्हा आकसलेला असतो आणि मासा आपल्या वाटेने जातो. असं साधन किंवा फुगा टोचायची सुई बोटीवर तयार ठेवायचं बंधन २०२२ च्या जानेवारीपासून त्या आखातात लागू झालं होतं. चिमटा रिकामा वर आला तेव्हा पोरगी माझ्याकडे बघून हसली. मी मात्र हसले नाही. तळाशी सोडलेला तो मासा माझ्या डोक्यातून जाईना.

पुढे मला अठरा आणि एकवीस इंचांच्या दोन तांबोशी मिळाल्या. माणशी दोनच ठेवायच्या, तिसरी नाही. मग एक राखाडी, जाड कातडीचा, बारीक तोंडाचा मासा लागला. ट्रिगरफिश म्हणतात. चवीला फार छान, असं जावईबापूंनी सांगितलं, पण तोही परत सोडला. का? तर त्याला १ जून ते ३१ जुलै बंदी. मी दोनदा विचारून खात्री केली. अगदी आपल्या पावसाळी बंदीच्याच तारखा! तो त्यांचा अंडी घालायचा काळ. नर वाळूत खळगा करून राखण करतो आणि मादी अंड्यांवर पंखांनी वारा घालत, फुंकर मारत बसते, त्यांना हवा मिळावी म्हणून. वरून गळाला ओढलेली ती कदाचित अशीच एखादी बाळंतीण असेल, या विचाराने मलाच कसंतरी झालं.

कॅप्टन म्हणाला, तांबोशी पन्नास वर्षांच्या पुढेही जगू शकते. मोठी, जुनी मादी एका लहान मादीच्या कितीतरी पट अंडी देते. काही दशकांपूर्वी तिथे हा मासा फार कमी झाला होता. मग आकार ठरवला, संख्या ठरवली, महिने ठरवले. कोळ्यांनी आणि बोटवाल्यांनी शिव्या दिल्या, अजूनही देतात. पण मासा पुन्हा वाढला. “माझा धंदा या पट्टीने अडवला आणि या पट्टीनेच वाचवला,” असं काहीतरी तो बोलला. लेकीने मराठीत सांगितलं तसं लिहिते आहे.

दुपारी बोटीने हळू वेग धरला. मागे चार गळ सोडले, पाण्याखालून चकचकीत आमिषं पळत होती. आम्ही घावन खात बसलो. त्या पोरीलाही दिलं. चटणी खाऊन तिच्या डोळ्यांत पाणी आलं, पण दुसरं मागितलं! इतक्यात एक रीळ किंचाळलं. अक्षरशः किंचाळलं. काठी माझ्या हातात दिली आणि सगळे ओरडायला लागले, “गुंडाळू नका, पळू दे!” तो मासा पळत असताना ओढलं तर दोरी तुटते. दमला की गुंडाळायचं, पुन्हा पळाला की थांबायचं. वीस मिनिटांनी बोटीजवळ आली ती लांब, रुपेरी, सुळकन वळणारी. मी ओरडले, “अगो, ही तर सुरमय!”

सुरमईची चुलतबहीण म्हणा. तिकडे किंग मॅकरेल म्हणतात. अंगावर आपल्या सुरमईचे पट्टे नव्हते, पण घराणं तेच. हिची मर्यादा चोवीस इंच, आणि ही कितीतरी पुढे होती. सोळा पौंड, म्हणजे सात किलोच्या वर. लिलावात अशा सुरमईवर बोली लावताना आईचा आवाज कसा चढायचा ते आठवलं आणि हातात काठी धरून मी भर समुद्रात रडले. लेकीला वाटलं हात दुखला.

धक्क्यावर परतल्यावर मासे खिळ्यांना टांगून फोटो काढले. मग ती पोरगी सुरी घेऊन बसली. काय हात चालत होता! पण काटे काढून मांसाचे तुकडे ठेवले आणि डोकी बाजूच्या पिंपात टाकायला निघाली, तेव्हा मात्र मी पुढे झाले. तांबोशीचं डोकं फेकायचं? दोन डोकी मागून घेतली. त्या रात्री लेकीच्या घरी कोकम घालून डोक्याचं कालवण केलं. ‘हे’ एव्हाना सावरले होते, तीन वेळा भात घेतला.

ऑगस्टअखेर, नारळी पौर्णिमेच्या सुमारास घरी परतले. सप्टेंबरात बातमी आली, पापलेट महाराष्ट्राचा राज्यमासा झाला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचा किमान आकारही ठरवला. पापलेटसाठी १३५ मिलिमीटर, म्हणजे शाळेतल्या सहा इंची पट्टीपेक्षा थोडं कमी. मी आनंदाने हर्णैच्या बाजारात गेले. माझी भावजय तिथे बसते. तिच्या पुढ्यात छोट्या छोट्या पापलेटांचा वाटा लावलेला, एकेक जेमतेम चार इंच.

मी म्हटलं, “वहिनी, ही पिल्लं आहेत. मी घेणार नाही.”

ती शांतपणे म्हणाली, “नका घेऊ, ताई. दुसरी कोणी घेईल. आणि नाय घेतलं तर मी पोरांच्या फीला काय देऊ?” मग माशी वारत पुढे बोलली, “तुमच्या त्या बोटीवर मासा गळाला लागतो, मोजायचा नि खाली सोडायचा. इथं जाळ्यात येतो तो मेलेलाच येतो. पाटीत आल्यावर मोजून काय उपयोग? मोजायची तर जाळ्याची आस मोजा.”

मी गप्प झाले. तेहतीस वर्षं शिकवलं, पण हे मला सुचलं नव्हतं. तीच खरं बोलत होती. बारीक आसेच्या जाळ्यातून पिल्लू सुटतच नाही. रात्री भावाशी बोलले. तो म्हणाला, “मी एकट्याने आस मोठी केली तर शेजारचा जाळं गुंडाळून ठेवणार आहे का?” त्याचंही खोटं नाही. तिकडच्या कॅप्टनकडे दिवसाचं भाडं देणारी सहा माणसं होती. माझ्या भावाकडे कर्ज आहे आणि डिझेलचं बिल आहे.

तरी वहिनीने एक वाट काढली. म्हणाली, “लिलावात मला निवड असेल तेव्हा बारक्या पापलेटावर मी बोलणार नाय. पण मग मोठं घेणारी गिऱ्हाइकं तुम्ही आणा.” मी दापोलीतल्या माझ्या शिक्षिका मैत्रिणींना सांगितलं. पाच जणी तयार झाल्या. महिन्यातून चारदा स्वस्त पिल्लं घेण्यापेक्षा दोनदा मोठा मासा घ्यायचा, खर्च तेवढाच. पाच घरांनी समुद्र भरत नाही, हे मलाही कळतं. पण वहिनीने त्या दिवसापासून शब्द पाळला आहे, आणि आता शेजारची कोळीण तिला विचारते, “तुझी ती गिऱ्हाइकं माझं मोठं पापलेट घेतील का गो?” तुमच्या गावच्या बाजारातही एवढं करून बघा. कोळणीशी भांडू नका, तिला मोठ्या माशाचं गिऱ्हाईक द्या.

राहिली आई. तिने सगळी हकीकत दोनदा ऐकली. मासा वर येताना रंग कसा दिसतो, हे तिसऱ्यांदा विचारलं. मग म्हणाली, “तो खाली सोडलास तो जगला असेल काय गो?” मी म्हटलं, “कळायला मार्ग नाही, आई. पण खाली गेला हे नक्की.”

दिवाळीनंतर, समुद्र निवळल्यावर, आम्ही तिला सुवर्णदुर्गाला जाणाऱ्या होडीत बसवलं. चौऱ्याऐंशी वर्षांची माझी आई, ज्या किनाऱ्यावर आयुष्य गेलं तिथून पहिल्यांदाच होडीत बसत होती. भावाने हात दिला, मी मागून धरलं. कुणी काही बोललं नाही. नारळ होता, पण तो एकच फोडला.

अर्ध्या वाटेवर तिने कठड्यावरून वाकून पाण्यात हात घातला आणि होडीवाल्याला विचारलं, “हितं किती वाव रे?”

“चार-पाच असेल, आजी.”

तिने दोन्ही हात पसरले, एक वाव मोजली आणि हसली.